कोरोनाकाळातील ऑनलाइन शाळा: नववी-दहावीच्या मुलांच्या बाजूने केलेले परीक्षण

जून 2020 पासून पुढची जवळपास दीड वर्षे महाराष्ट्रातील नववी-दहावीच्या मुलांना शाळा म्हणून जे काही मिळाले, त्याचा हिशेब अनेक अंगांनी झाला. अभ्यासक्रम किती पूर्ण झाला, किती घरांत स्मार्टफोन होता, किती शिक्षकांनी प्रशिक्षण घेतले, हे सगळे मोजून झाले. मात्र एखादी सेवा घेतल्यावर ग्राहक जसे तिचे परीक्षण करतो, तसे या सेवेचे परीक्षण कोणी फारसे केले नाही. याचे एक कारण असे असावे की तिचे खरे ग्राहक चौदा ते सोळा वर्षांचे होते आणि त्यांचे मत विचारण्याची आपल्याकडे पद्धत नाही. तालुक्याच्या गावातील एका माध्यमिक शाळेत मी वर्गशिक्षिका आहे आणि त्या वर्षी माझा मुलगा दहावीला होता. त्यामुळे फोनच्या दोन्ही बाजूंना काय चालले होते ते मला रोज दिसत होते. या लेखात मी एकच कसोटी लावणार आहे: या सेवेने मुलांना बरे ठेवले का? बरे म्हणजे झोप, बोलणेचालणे, सोबत आणि उद्याची काळजी या चारही बाबतीत बरे.

पालकांच्या लेखी ऑनलाइन शाळा म्हणजे मोबाइलवरचे थेट तास, म्हणून सुरुवात तिथूनच केली पाहिजे. राज्य शासनाने 15 जून 2020 रोजी शाळा सुरू करण्याबाबत जो निर्णय काढला, त्यात तिसरी ते पाचवीसाठी रोज एक तास, सहावी ते आठवीसाठी दोन तास आणि नववी ते बारावीसाठी तीन तास अशी ऑनलाइन शिक्षणाची मर्यादा घातली होती. महिनाभराने, 14 जुलैला, केंद्र सरकारच्या ‘प्रज्ञाता’ मार्गदर्शक सूचना आल्या; त्यांत वरच्या वर्गांसाठी 30 ते 45 मिनिटांची दिवसाला जास्तीत जास्त चार सत्रे असावीत असे म्हटले होते. दोन्ही मर्यादा समंजस होत्या, आणि डोळे, मान व मेंदू यांचा विचार करूनच कोणीतरी त्या घातल्या होत्या, हे मान्य करायला हवे. अडचण अशी की मर्यादा तासाला होती, पडद्याला नव्हती. तास संपला की व्हॉट्सॲपच्या गटावर गृहपाठ येई. तो वहीत उतरवायचा, सोडवायचा, मग प्रत्येक पानाचा फोटो काढून पाठवायचा. ट्यूबलाइटच्या उजेडात काढलेल्या त्या फोटोत हाताची सावली नेमकी उत्तरावर पडलेली असे, पान एका बाजूने वळलेले असे, आणि समोरून उत्तर येई, ‘अस्पष्ट आहे, पुन्हा पाठव.’ संध्याकाळी खासगी शिकवणीचा वर्ग, तोही त्याच फोनवर. कागदोपत्री तीन तासांची शाळा अशी दिवेलागणीनंतरही मुलाच्या हातातच असे.

थेट तासाला मुलांचे चेहरे दिसत नसत. दिसत ती गोल चकत्यांमधली आद्याक्षरे, आणि ज्याच्या फोनवरून मूल बसले असेल त्याचे खाते. वर्षभर माझ्या हजेरीत एक विद्यार्थी ‘पप्पा न्यू नंबर’ या नावाने हजर होता. कॅमेरा बंद ठेवण्याला शाळा सामान्यतः इंटरनेटच्या वेगाचे कारण देत, आणि ते काही अंशी खरेही होते. पण या वयात घर दाखवण्याचा संकोच हे त्याहून मोठे कारण होते. मागे वाळत घातलेले कपडे, कोपऱ्यात झोपलेली आजी, भिंतीचा उडालेला रंग हे चाळीस वर्गमित्रांसमोर उघडे करायला पंधराव्या वर्षी कोणी तयार होत नाही. माइकचेही तसेच. एखाद्या मुलीने उत्तर देण्यासाठी माइक सुरू केला की तिच्या आधी कुकरची शिट्टी किंवा घरातले भांडण वर्गात पोहोचे. एकदा असे झाले की ती मुलगी पुन्हा माइक सुरू करत नसे. वर्गात शेवटच्या बाकावर गप्प बसलेले मूल निदान दिसते, त्याची मान खाली आहे की खिडकीबाहेर, हे कळते. थेट तासांत गप्प असणे आणि तिथे नसणे यांत फरकच राहिला नाही. गैरहजेरीला नेटवर्कचे एकच तयार कारण असल्यामुळे, त्या कारणाआड कोणी बापाबरोबर कामावर जाऊ लागला आहे की कोणाचे लग्न ठरवले जात आहे, हे वर्गशिक्षकाला महिनोन्‌महिने कळत नव्हते.

‘असर’ या ग्रामीण शिक्षणाच्या वार्षिक पाहणीनुसार, शाळेत नाव असलेल्या मुलांपैकी ज्यांच्या घरी स्मार्टफोन आहे अशांचे प्रमाण 2018 मधील 36.5 टक्क्यांवरून 2020 मध्ये 61.8 टक्क्यांवर गेले. हा आकडा त्या काळात ऑनलाइन शिक्षणाच्या बाजूने बराच वापरला गेला. घरी फोन असणे आणि सकाळी साडेनऊला तो मुलाच्या हातात असणे यांतले अंतर मात्र त्यात मावत नाही. फोन वडिलांबरोबर कामावर जाई. दोन भावंडे असतील तर दहावीतल्याला आधी, आणि त्यातही मुलाला आधी, हा घरोघरचा अलिखित नियम होता. सिंधुदुर्गात एका मुलीने नेटवर्कसाठी डोंगरावर झोपडी उभारून पावसाळ्यात अभ्यास केल्याची बातमी तेव्हा सगळीकडे कौतुकाने छापून आली. कौतुक योग्यच होते. पण सेवेचे परीक्षण करताना ती बातमी तक्रारवहीत नोंदवावी लागते, अभिप्रायवहीत नव्हे.

झोपेबद्दल थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण माझ्या मते सर्वांत मोठे नुकसान तिथे झाले आणि त्याची दखल सर्वांत कमी घेतली गेली. किशोरवयात झोप येण्याची नैसर्गिक वेळ पुढे सरकते, आणि 13 ते 18 या वयात रोज आठ ते दहा तास झोप लागते, असे वैद्यकशास्त्र सांगते. शाळेची घंटा, बस, मैदानावरचा दमणूक करणारा तास, सकाळचे ऊन, हे सगळे मिळून ती पुढे सरकणारी वेळ कशीबशी आवरून धरतात. हे एकदम निघून गेले आणि त्या जागी रात्री अंथरुणात शाळेच्या परवानगीने आलेला फोन राहिला. तोपर्यंत मोबाइल काढून घेण्याचा जो हक्क आईबापांना होता, तो ‘अभ्यासच करतोय’ या एका वाक्याने संपला. ऑगस्टपर्यंत आमच्या घरात मुलगा पहाटे झोपायला आणि तास सुरू व्हायच्या क्षणी उठायला लागला होता. अंथरुणातूनच तासाला बसायचे, कॅमेरा बंद, हजेरी लागली की डोळे मिटायचे. ही केवळ आमच्या घरची गोष्ट नव्हती, पालकसभेत (तीही ऑनलाइनच) जवळपास प्रत्येक आई हेच सांगत होती. थेट तासांना मी पाचपैकी दोन गुण देईन, आणि तेही रोज ठरावीक वेळी कोणाचा तरी ओळखीचा आवाज ऐकू येत होता, एवढ्यासाठी.

‘दीक्षा’ ॲपविषयी माझे मत बरेच चांगले आहे. राष्ट्रीय पातळीवर ते 5 सप्टेंबर 2017 पासून सुरू आहे, आणि बालभारतीच्या पुस्तकांत धड्यांजवळ छापलेला क्यूआर कोड फोनने टिपला की त्या धड्याचे साहित्य उघडते, हे कोरोनापूर्वीपासूनच आपल्याकडे रुळले होते. पुस्तकातल्या क्यूआर कोडसाठी ओळखले जाणारे सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना डिसेंबर 2020 मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तेव्हा ही गोष्ट गावोगाव पोहोचली. मुलांच्या मनःस्थितीच्या दृष्टीने याचा गुण असा की इथे कोणी पाहत नसते. न समजलेला भाग चार वेळा पाहिला तरी कोणाला कळत नाही, फोन रात्री मिळाला तरी धडा तिथेच असतो, आणि साहित्य आधी उतरवून ठेवले तर पाहताना नेट लागत नाही. वर्गात ‘सर, पुन्हा सांगा’ म्हणायची ज्यांची छाती होत नाही, अशी मुले यावर खरोखर खुलली. राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेची ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ ही अभ्यासमाला याच साहित्याचे दुवे रोज व्हॉट्सॲपवरून पाठवत असे, आणि तीही त्यामानाने शांतपणे चालली. उणीव उघड आहे: ॲप धडा देते, विचारपूस करत नाही. ते त्याचे कामही नाही. पाचपैकी साडेतीन.

सह्याद्री वाहिनीवरील ‘ज्ञानगंगा’ कार्यक्रमाबद्दल थोडक्यात सांगता येईल. फोन नसलेल्यांना तो उपयोगी पडला, परंतु दूरदर्शन संच घरातल्या सगळ्यांचा असतो, आणि टाळेबंदीत घरातले सगळे घरीच होते.

नोव्हेंबर 2020 पासून ‘स्वाध्याय’ नावाचा उपक्रम आला. दर आठवड्याला व्हॉट्सॲपवर मूल काही प्रश्न सोडवी आणि किती उत्तरे बरोबर आली ते लगेच कळे. कल्पना साधी होती, डेटा कमी लागे, आणि मुलांना ती एखाद्या खेळासारखी आवडलीही. बिघडले ते पुढे. किती टक्के मुलांनी स्वाध्याय सोडवला, याची विचारणा वरून खाली येऊ लागली आणि शिक्षकांचा सगळा जीव त्या टक्केवारीत अडकला. मुलाला फोन जाई तो ‘कसा आहेस?’ म्हणून नव्हे, तर ‘या आठवड्याचा स्वाध्याय राहिलाय’ म्हणून. ज्या घरात आजारपण होते किंवा रोजगार गेला होता, तिथे हा फोन कसा ऐकला गेला असेल, याचा विचार टक्केवारी मागणाऱ्या तक्त्यात कुठल्याच रकान्यात नव्हता.

आता मनोदर्पण. मुलांच्या मानसिक आरोग्यासाठी केंद्रीय शिक्षण खात्याने 21 जुलै 2020 रोजी हा उपक्रम सुरू केला: 8448440632 हा विनामूल्य दूरध्वनी क्रमांक, सकाळी आठ ते रात्री आठ या वेळेत समुपदेशक, जोडीला संकेतस्थळ, समुपदेशकांची यादी आणि ‘सहयोग’ नावाची थेट प्रक्षेपित होणारी सत्रे. टाळेबंदीनंतर चार महिन्यांच्या आत एवढे उभे राहिले, ही लहान गोष्ट नव्हे, आणि उगाच नावे ठेवणाऱ्यांत मला जायचे नाही. मुलांचे मन हा शासनाच्या कागदांवर स्वतंत्र विषय झाला, हाच एक मोठा बदल होता. परंतु सेवा वापरणाऱ्याच्या जागी बसून पाहिले की प्रश्न सुरू होतात. फोन करायला फोन लागतो, तो वडिलांचा असतो, आणि केलेल्या फोनची नोंद त्यात राहते. बोलायला आडोसा लागतो, आणि दोन खोल्यांच्या घरात टाळेबंदीच्या दिवसांत आडोसा म्हणजे संडास किंवा गच्ची. सकाळी आठ ते रात्री आठ या वेळेत घर भरलेले असते; ज्या वेळी मूल खरोखर एकटे जागे असते आणि ज्या वेळी मन सर्वांत जास्त खाते, ती वेळ रात्री अकरानंतरची. शिवाय बरीचशी सत्रे हिंदी व इंग्रजीत होती. घाबरल्यासारखे वाटणे, कशातच मन न लागणे, रडू येणे हे मुलाला मराठीतसुद्धा सांगता येत नाही, तिथे परक्या भाषेत काय सांगणार?

सर्वांत मोठा अडसर मात्र फोनचा नव्हता. ऑक्टोबर 2021 मध्ये युनिसेफचा जागतिक अहवाल आला, त्यात भारतातील 15 ते 24 वयोगटातल्या सुमारे 14 टक्के तरुणांनी आपल्याला वारंवार उदास वाटते किंवा कशात रस वाटत नाही असे सांगितले होते. त्याच अहवालातील दुसरा आकडा मला अधिक बोलका वाटतो: मानसिक त्रासासाठी इतरांचा आधार घेणे चांगले, असे भारतातल्या फक्त 41 टक्के तरुणांना वाटत होते, तर पाहणी झालेल्या 21 देशांची सरासरी 83 टक्के होती. म्हणजे क्रमांक उपलब्ध असणे आणि तो फिरवणे यांच्यामध्ये ‘मला काय वेड लागलंय का?’ हा प्रश्न उभा होता. माझ्या वर्गातल्या एका मुलीला मी तो क्रमांक दिला, तेव्हा तिने आधी विचारले, ‘बाई, शाळेत कळणार नाही ना?’ ओळखीच्या माणसाने, ओळखीच्या भाषेत आधी हा प्रश्न सोडवून दिल्याशिवाय अशी कोणतीही सेवा मुलांपर्यंत पोहोचत नाही. मनोदर्पणला हेतूसाठी पैकीच्या पैकी गुण द्यावेत, पोहोच मात्र काठावर पास.

एका गोष्टीचा उल्लेख ऑनलाइन शिक्षणाच्या चर्चेत सहसा होत नाही, कारण ती तांत्रिक नाही. ती म्हणजे परीक्षेची अनिश्चितता. जुलै 2020 मध्ये अभ्यासक्रम 25 टक्क्यांनी कमी झाला, त्याने थोडा दिलासा मिळाला. त्यानंतर परीक्षा होणार, पुढे जाणार, होणारच, या चक्रात दहावीचे वर्ष गेले आणि 20 एप्रिल 2021 रोजी ती रद्द झाल्याचे जाहीर झाले. मग गुणांचे सूत्र आले: नववीच्या निकालाचे 50, दहावीच्या अंतर्गत लेखी मूल्यमापनाचे 30 आणि तोंडी-प्रात्यक्षिकाचे 20. ज्या मुलांनी ‘नववी काय, दहावीला बघू’ म्हणून नववी हसतखेळत काढली होती, त्यांच्या पुढ्यात आदल्या वर्षीचे गुण आले. 16 जुलैला निकाल लागला, 99.95 टक्के. अकरावी प्रवेशासाठी सामाईक परीक्षा 21 ऑगस्टला ठरली, मुले पुन्हा अभ्यासाला बसली, आणि 10 ऑगस्टला उच्च न्यायालयाने ती रद्द केली. यातला प्रत्येक निर्णय आपापल्या जागी समर्थनीय असेल. साथ जोरात असताना लाखो मुलांना परीक्षा केंद्रांवर बोलावणे मलाही पटले नसते. पण पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाने आपली ताकद कशावर लावायची, हे वर्षभर दर महिन्याला बदलत राहिले. माझ्या मुलाने निकालाच्या दिवशी पेढे खाल्ले आणि खोलीत जाऊन झोपला. नंतर त्याच्या वर्गाला नातेवाईक गमतीने ‘कोरोना बॅच’ म्हणू लागले. आपल्या हाताने न मिळवलेल्या यशाबद्दल टोमणे खाणे हा या सेवेचा सर्वांत लांब टिकलेला दुष्परिणाम आहे, आणि तो कुठल्याही पाहणीत दिसत नाही.

तुलनेसाठी एक दाखला पुरेसा आहे. 23 नोव्हेंबर 2020 पासून नववी ते बारावीचे वर्ग पालकांच्या संमतीपत्रासह टप्प्याटप्प्याने सुरू करण्याची परवानगी मिळाली. एका बाकावर एकच मूल, तोंडाला मास्क, डबा खायचा नाही, खेळ नाही, चार तासांच्या आत घरी. शिकवणे म्हणाल तर ऑनलाइनपेक्षा फार वेगळे होत नव्हते, कारण महत्त्वाचे विषय तेवढे वर्गात आणि बाकीचे फोनवरच होते. तरीही आलेल्या मुलांत दोन आठवड्यांत जो फरक दिसला, तो आधीच्या पाच महिन्यांत कोणत्याही ॲपने दाखवला नव्हता. फाटकाशी तापमान मोजण्याच्या रांगेत ती मुद्दाम रेंगाळत. जायला सांगितले तरी सायकली हातात धरून रस्त्याच्या कडेला उभी राहत, अंतर राखून, पण तासभर. शाळेतून त्यांना काय हवे होते याचे उत्तर त्या सायकलींच्या घोळक्यात होते, आणि नेमके तेच ऑनलाइन सेवेच्या आराखड्यात कोणी धरले नव्हते. मधली सुट्टी ऑनलाइन करता येत नाही, हे खरे. पण तासाआधी दहा मिनिटे दुवा उघडा ठेवून शिक्षकाने बाजूला व्हावे आणि मुलांना आपापसात बोलू द्यावे, एवढे करता आले असते. ज्या थोड्या शिक्षकांनी ते केले, त्यांच्या तासांना हजेरी वेगळी होती.

पुढच्या वेळी शाळा बंद ठेवायची वेळ आली, मग ती साथ असो, महापूर असो की उष्णतेची लाट, तर मी या सेवेतून काय घेईन आणि काय बदलेन ते सांगते. धडे दीक्षासारख्या, केव्हाही पाहता येणाऱ्या साहित्यावर सोडावेत. थेट तास दिवसाला एक, फार तर दोन, आणि तेही शंका व गप्पांसाठी. रात्री आठनंतर शाळेच्या गटावर काहीही टाकायचे नाही, हा नियम मुलांपेक्षा शिक्षकांना आणि शिकवणीवाल्यांना लागू करावा. मदतीच्या क्रमांकांच्या बाबतीत आता परिस्थिती सुधारली आहे: 10 ऑक्टोबर 2022 पासून टेलि-मानस या शासनाच्या मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालतो आणि मराठीतही बोलता येते. फोन कोणाचा आणि आडोसा कुठे, हे जुने प्रश्न तिथेही आहेत. त्यासाठी गावातली शाळा बंद असली तरी तिचे कार्यालय आणि तिथला फोन मुलांसाठी ठरावीक वेळी उघडा ठेवता येईल.

आणि वर्गशिक्षकाचा फोन हा वेळापत्रकात लिहिलेला तास असावा, उपकार नव्हे. साठ मुलांची तुकडी धरली आणि प्रत्येकाला आठवड्याला पाच मिनिटे दिली, तर पाच तास होतात. रोजच्या तीन तासांच्या थेट शिकवणीतून आठवड्याला एवढे काढणे अवघड नाही. अट एकच, त्या पाच मिनिटांत गृहपाठाचा विषय मुलाने काढल्याशिवाय शिक्षकाने काढायचा नाही.